बगळ्याच्या खोलीतलं दुसरं ताट

नोबुए इनागाकीला शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही. तिला गाता येत नाही, पोहता येत नाही, आणि इवादानी गावात चौतीस वर्षं काढूनही पलीकडच्या गावाला जाणाऱ्या बसच्या वेळा तिला पाठ नाहीत. पण तिला माणसाच्या मनातलं ओळखता येतं. म्हणजे यायचं. निदान गेल्या नोव्हेंबरपर्यंत तिचा आणि सगळ्या गावाचा तसा समज होता.

इवादानीत गरम पाण्याचे झरे आहेत. झऱ्यांच्या वरच्या अंगाला, नदीवरचा लाकडी पूल ओलांडला की 'त्सुकिनोसे' लागतं. पूर्वी ते एका मालकीणबाईंचं बारा खोल्यांचं मुक्कामाचं घर होतं. मालकीणबाई वारल्या आणि तोक्योच्या एका कंपनीने ते घेतलं. आता ते आलिशान हॉटेल आहे. खोल्या बाराच राहिल्या, पण प्रत्येकीला देवदाराच्या लाकडाचं वेगळं न्हाणीघर आलं, सरकती कागदी दारं नव्याने मढवली गेली, जुन्या खांबांवरची काजळी मुद्दाम तशीच ठेवून तिच्यावर कुठूनतरी लपवलेल्या दिव्यांचा उजेड सोडला गेला. सगळं जुनं दिसावं म्हणून इतका नवा खटाटोप केलेला नोबुएने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. पाहुण्यांना मात्र ते फार आवडतं. सहा सहा महिने आधी जागा धरून ठेवतात.

नोबुए तिथे खोलीवाली बाई. एक खोली, एक बाई. पाहुणा दारात आला की गुडघ्यांवर बसून त्याचं स्वागत तिने करायचं, चहा तिने द्यायचा, रात्रीचं जेवण एकेक वाडगा करत खोलीतच तिने वाढायचं, अंथरूण तिने घालायचं, सकाळी तिने उचलायचं आणि निरोपाच्या वेळी गाडी पूल ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत कमरेत वाकून तिने उभं राहायचं. तोवर तो पाहुणा तिचा.

ती आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. तोफू करणाऱ्या एका घरात तिला दिलेलं, सात वर्षांत मूल झालं नाही, तेव्हा सासूने एका सकाळी तिची पेटी भरून दारात ठेवली. माहेरी भाऊ चांगला होता, पण भावजय आंघोळीच्या पाण्याकडे बघून सुस्कारे टाकायची. या दोन घरांत नोबुए एक गोष्ट शिकली. वाडगा कसा ठेवला जातो, पायऱ्यांवर पाऊल कसं पडतं, दार किती सरकतं, यावरून पुढचा माणूस काय म्हणणार आहे ते तिला आधीच कळायला लागलं. हाकलून द्यायच्या आत आपणच उठावं, बोलायच्या आत आपणच काम करून ठेवावं, अशी ती सवय. लोक तिला कला म्हणतात. मुळात ती भीती होती.

मालकीणबाईंनी मात्र तिला सोन्याच्या मोलाची मानली. "पाहुण्याला विचारायचं नाही," त्या नव्या बायकांना शिकवायच्या. "विचारलं की बिचाऱ्याला उत्तर द्यायचे कष्ट. इथे तो कष्ट करायला येतो का? नोबुएकडे बघा. ती विचारते कधी?" आणि खरंच, नोबुए विचारत नसे. कुणाची उशी उंच हवी, कुणाच्या पोटात दुखतंय, कोणत्या जोडप्याचं गाडीत भांडण झालंय आणि म्हणून दोन अंथरुणांत किती वीत अंतर ठेवायचं, हे सगळं ती बघून ठरवायची आणि ते बरोबर निघायचं. कर्मचाऱ्यांच्या चाळीतली सहा चटया मावतील एवढी खोली, खिडकीतली ओव्याची कुंडी आणि हे बरोबर निघणं, एवढंच तिचं होतं. म्हातारपणीचं दुसरं घर तिने कुठे बांधून ठेवलेलं नव्हतं.

नवे व्यवस्थापक मुनाकाता अडतीस वर्षांचे. गृहस्थ वाईट नाही. नम्र इतके, की रागावले तरी आपणच उपकाराखाली दबल्यासारखं वाटावं. त्यांनी पाहुणचाराचं शंभर पानांचं पुस्तक काढलं, त्यात कोणाला किती वाकायचं याच्या आकृत्या होत्या. प्रत्येक बाईच्या कमरपट्ट्यात एक छोटी टॅबलेट खोचली गेली. पाहुण्याला विचारा, टॅबलेटवर लिहा, मग करा, असा नवा नियम. नोबुए ती टॅबलेट छातीवर पाटी बांधल्यासारखी वागवायची आणि उघडायची मात्र नाही.

मग वसंतात एक फजिती झाली. एक तरुण मुलगा आणि मुलगी आले, एकमेकांच्या बॅगा उचलत होते, हसत होते. नोबुएने ओळखलं, नवं लग्न. रात्री शुभकार्याचा लाल भात करून घेतला आणि दोघांपुढे ठेवून अभिनंदन केलं. ती सख्खी भावंडं निघाली. मुलगा हसला, मुलगी हसली नाही. घरी जाऊन तिने लांबलचक तक्रार लिहिली.

"नोबुएसान," मुनाकाता तिला म्हणाले, "तुमच्या अनुभवाबद्दल मला फार आदर आहे. म्हणूनच सांगतो. अशी आणखी एक तक्रार आली तर मला तुम्हाला खोल्यांवर ठेवता येणार नाही. मागे, धुण्याच्या खोलीत जावं लागेल. आणि तिथल्या कामाला वयाची मर्यादा साठ, ती तुम्ही ओलांडलीय. तुमच्यासाठी मी वर्षभराची सवलत मागेन."

वर्षभराची. म्हणजे त्यानंतर चाळीतली खोलीही गेली. नोबुएने नव्या पुस्तकातल्या आकृतीपेक्षा दहा अंश जास्त वाकून आभार मानले.

आणि नोव्हेंबरात कुसाकाबेबाई आल्या.

कुसाकाबे नवराबायको अठरा वर्षं न चुकता, मेपलची पानं पिकली की तिसऱ्या आठवड्यात यायचे. खोली ठरलेली, बगळ्याची. तिच्या सरकत्या दारांवर वेतांत उभा एक राखी बगळा रंगवलाय म्हणून ते नाव. कुसाकाबेसान शाळेत भूगोल शिकवायचे. साके, म्हणजे तांदळाची दारू, त्यांना अंगाच्या उबेइतकीच गरम लागायची, मुळ्याचं लोणचं दोनदा लागायचं आणि न्हाणीत ते नद्यांची नावं उगमापासून मुखापर्यंत मोठ्याने म्हणायचे. बाई, त्यांचं नाव रित्सुको, नवरा न्हाणीत असला की नोबुएकडे बघून म्हणायच्या, "बघा, सुरू झाला वर्ग." तीन वर्षांपूर्वी ते यायचे थांबले. नोबुए नवीन वर्षाची शुभेच्छापत्रं ब्रशने स्वतः लिहायची. पहिली दोन वर्षं उत्तर आलं, पण बाईंच्या अक्षरात. या वर्षी उत्तरच आलं नाही. घरात माणूस गेलं की त्या वर्षी शुभेच्छा पाठवत नाहीत. तसं आधी कळवायचं पत्र असतं खरं, पण टपालात पत्र हरवतंही.

आणि आता टॅबलेटवर नाव आलं ते एकाच माणसाचं. तीच खोली, तोच आठवडा.

दुपारी तीनला टॅक्सीतून बाई उतरल्या. राखी किमोनो, राखी कोट. केस पांढरे झालेले. डाव्या मनगटावर पुरुषाचं घड्याळ, ढिलं, हात खाली केला की तळव्यापर्यंत घसरणारं. नोबुएने ते घड्याळ ओळखलं. त्याचा पट्टा एका वर्षी न्हाणीत भिजला होता आणि तिनेच तो चुलीजवळ वाळवला होता.

"नोबुएसान! आहात ना अजून!" बाई म्हणाल्या.

"या. वाट बघत होतो," नोबुए म्हणाली.

खोलीत तिने मेजापाशी एक आसन मांडलं होतं. बाई बसल्या, डोंगराकडे पाहिलं, आणि मग कोपऱ्यातलं दुसरं आसन स्वतःच ओढून समोर ठेवलं. चहा पिता पिता दोनदा त्या रिकाम्या आसनाकडे बघून त्यांनी मान खाली घातली.

यानंतर आणखी काय लागतं? नोबुएने कमरपट्ट्यातल्या टॅबलेटला हातसुद्धा लावला नाही. ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि मुख्य आचारी दोईंना म्हणाली, "बगळ्याच्या खोलीत आज दोन ताटं. दुसरं सावलीचं."

घरचं माणूस दूर असलं की त्याच्या नावाने सावलीचं ताट मांडतात. आई परदेशातल्या मुलासाठीही मांडते. पण गेलेल्याचं ताट वेगळं. त्यात मासा नाही, मांस नाही, आणि ताट फिरवून ठेवायचं, जेवायच्या काठ्या पलीकडच्या बाजूला, जेवणारा तिकडे बसलाय असं समजून.

"कुठल्या सावलीचं?" दोईंनी मासा चिरायचं थांबवून विचारलं. "प्रवासातल्या की वरच्या?"

"वरच्या. कुसाकाबेसान गेले."

"अरेरे. ते लोणचंवाले मास्तर? बाई म्हणाल्या तसं?"

"दोईसान, म्हणायला कशाला लागतं? डोळे आहेत ना मला?"

"डोळे मला पण आहेत. वसंतात लाल भात मीच शिजवला होता," दोई पुटपुटले. पण मास्तर गेले म्हणून त्यांनाही वाईट वाटलं. तिळाचं तोफू त्यांनी स्वतः घोटलं, आणि ताटाच्या चिठ्ठीवर, नव्या नियमाप्रमाणे, व्यवस्थित लिहिलं: बगळ्याची खोली, मृतासाठी सावलीचं ताट, एक.

साडेसहाला नोबुएने दार सरकवलं. आधी बाईंचं ताट ठेवलं. मग समोरच्या आसनापुढे दुसरं, फिरवून. शेजारी साकेचा लहान पेला, अंगाच्या उबेइतका गरम. मुळ्याचं लोणचं दोन बशांत. उदाची एक काडी. आणि दोन्ही हात चटईवर टेकून ती हलक्या आवाजात म्हणाली, "मास्तरांसाठी. आमच्याकडून."

बाई ताटाकडे बघत राहिल्या. फार वेळ. एकदा त्यांचे ओठ हलले, जणू काही सांगणार आहेत. नोबुए थांबली. मग बाईंनी तोंडावर हात दाबला आणि त्या रडायला लागल्या. घड्याळ कोपरापर्यंत घसरलं.

नोबुएचा जीव भांड्यात पडला. हे म्हणायला बरं दिसत नाही, पण तसंच झालं. समोरची बाई हुंदके देत होती आणि हिच्या मनात आलं, बरोबर निघालं. अजून येतं मला.

"लोणचं दोनदा," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्हाला तेही आठवतं."

"न आठवून कसं चालेल?"

"बसा ना जरा, नोबुएसान. एकटीने जेवायचं म्हणजे..." आणि त्यांनी समोरच्या पेल्याला आपला पेला लावला. "काय हो मास्तर, इथे तरी थुंकू नका हं."

नोबुएला ते चमत्कारिक वाटलं, पण दुःखात माणूस काहीबाही बोलतं. बाई जेवायला लागल्या. आणि कशा जेवल्या! सूप संपवलं, मासा काट्यापर्यंत कोरून खाल्ला, भाताचा दुसरा वाडगा मागितला. गालांवर रंग आला. मेपलची, जुन्या मालकीणबाईंची, न्हाणीतल्या नद्यांची गोष्ट काढून त्या दोनदा मोठ्याने हसल्या. नोबुए वाढत होती आणि मनात म्हणत होती, मुनाकातासान, या बघा जरा. हे तुमच्या शंभर पानांत कुठे आहे?

तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी हलकंच खाकरलं. स्वागतकक्षातली फुकी. नोबुए बाहेर गेली.

"ताई, फोन आहे. बगळ्याच्या खोलीसाठी. बाईंचा मोबाइल बंद आहे म्हणून इथे केला." फुकीने हातातला फोन तळव्याने झाकला होता. "शुश्रूषागृहातून. त्यांचे मालक जेवत नाहीयेत म्हणे. ताट फेकलं. बायकोशी बोलल्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हणतात."

"कुणाचे मालक?"

"अहो ताई, कुणाचे काय? कुसाकाबेबाईंचे."

नोबुएने तिच्या हातातून फोन घेतला. तो किती जड होता हे तिला नंतरही आठवायचं. आत जाऊन तिने चटईवर गुडघे टेकले, फोन पुढे केला आणि जे सांगायचं ते सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग दिवा काढून नेल्यासारखा गेला.

"हो. मीच आहे," बाई फोनमध्ये म्हणाल्या. समोर उदाची काडी जळत होती. "नाही, नाही, पळून नाही गेले. एक दिवसासाठी. सांगितलं होतं ना तुम्हाला? चार वेळा सांगितलं. ... ऐका. भोपळा आहे का ताटात? मग भोपळा खा आधी. ... नाही, ती जेवणात विष कालवणार नाही. ती चांगली मुलगी आहे, तिला चावू नका. ... उद्या दुपारी. हो. घड्याळ माझ्याकडे आहे, हरवलं नाही. ... खा पाहू. मी ऐकतेय. चावा नीट."

आणि त्या खरंच ऐकत राहिल्या. समोर मेलेल्या माणसाचं ताट, आणि कानाला त्याच माणसाचं चावणं. नोबुएला वाटलं, आत्ता चटई दुभंगून आपल्याला गिळेल तर किती बरं.

फोन ठेवल्यावर तिने कपाळ जमिनीला टेकवलं. "माझ्या हातून अक्षम्य... जिवंत माणसासाठी... मी काय बोलू..."

"उठा," बाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला माफी मागता? ताट ठेवलंत तेव्हाच मी सांगू शकत होते. तोंडाशी आलं होतं."

नोबुए उठली नाही.

"सांगावंसं वाटलं नाही, नोबुएसान. तीन वर्षं झाली. आधी हात गेला, मग डोकं गेलं. नद्या गेल्या सगळ्या. मला ओळखतात ते फक्त भूक लागली की. आज पहिल्यांदा एक दिवस तिथे ठेवून आले. आणि तुम्ही ते ताट मांडलंत..." त्यांनी काडीची राख बोटाने पुसून घेतली. "मला तासभर विधवा होऊन बघायचं होतं. बघितलं. दोन वाडगे भात गेला हो मला."

नोबुएने ताट उचललं, लोणच्याच्या दोन्ही बशा उचलल्या.

"कुणाला बोलू नका," बाई म्हणाल्या. "ताट बघून मी गप्प राहिले, हे. माझा मुलगा आहे, सून आहे. तुमच्या साहेबांना पण नको."

"इथलं इथेच राहील," नोबुए म्हणाली.

सकाळी सात वाजता मुनाकातांनी तिला बोलावलं. त्यांच्यापुढे दोन नोंदी होत्या. एक स्वयंपाकघराची: मृतासाठी. दुसरी फुकीची: यजमानांसाठी शुश्रूषागृहातून फोन. फुकीने फोन नियमाप्रमाणे लिहून ठेवला होता, तिचा काय दोष?

"कुसाकाबेबाईंनी सांगितलं होतं का, की त्यांचे यजमान वारले?"

"नाही."

"तुम्ही विचारलं?"

"नाही."

"बरं. ताट बघितल्यावर त्या काही म्हणाल्या असतील ना? हे काय, असं कसं, काहीतरी?" मुनाकातांनी आवाज खाली आणला. त्यांना खरंच तिला बाहेर काढायचं होतं यातून, हे तिला कळत होतं. "नोबुएसान, नीट आठवा. पाहुण्यांनी स्वतः ते चालवून घेतलं असेल, तर ती तक्रार होत नाही. मग मी कंपनीला काही कळवणार नाही. पण जर त्यांना लागलं असेल, तर माझे हात बांधलेले आहेत."

खोलीत पाणी उकळायचा आवाज येत होता. एक वाक्य. त्या गप्प राहिल्या, दोन वाडगे जेवल्या, एवढं एकच वाक्य.

"काही म्हणाल्या नाहीत," नोबुए म्हणाली. "मला काही कळायच्या आत फोन आला."

"मग आपण दोघं जाऊन माफी मागू. त्या काय म्हणतात बघू. त्यांच्या शब्दावर आहे."

नाश्त्यानंतर दोघं बगळ्याच्या खोलीत गेले. मुनाकाता उंबऱ्याच्या आत गुडघ्यांवर बसले, नोबुए त्यांच्या हातभर मागे. त्यांनी चटईला कपाळ लावलं. "काल आमच्याकडून आपल्या यजमानांच्या बाबतीत भयंकर अवहेलना झाली. जिवंत माणसापुढे मृताचं ताट. आपल्याला किती यातना झाल्या असतील याची कल्पनाही करवत नाही. आपण काय वाटलं ते मोकळेपणाने सांगावं. आम्ही ऐकायला आलोय."

नोबुएने डोकं वर उचललं नाही, पण बाईंचे हात तिला दिसत होते. ते घड्याळाचा पट्टा आवळत होते, शेवटच्या भोकात घातलेला पट्टा, जो आणखी आवळला जात नाही. तिला वाटलं, म्हणतील. काल आपल्यापाशी बोलल्या तशा सगळं नाही, पण 'मला नाही लागलं' एवढं तर म्हणतीलच.

"मला..." बाई म्हणाल्या. आणि थांबल्या. समोर त्यांच्या मुलाच्या वयाचा एक नीटनेटका माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होता. "मला धक्काच बसला. जिवंत नवऱ्याचं असं ताट कुठली बाई बघेल? रात्रभर झोप लागली नाही. पण... मुद्दाम नसेल केलं. जाऊ द्या."

"आभारी आहोत," मुनाकाता म्हणाले, आणि आणखी खाली वाकले. नोबुएही वाकली. चटईच्या काठावरचं हिरवं कापड एका जागी उसवलं होतं. आज दुपारी दोरा घालायला हवा, असं तिच्या मनात आलं, आणि मग कळलं की ते काम आता आपलं नाही.

बाहेर येऊन मुनाकाता म्हणाले, "आजचा निरोप तुम्हीच द्या. तुमचा पाहुणा आहे. उद्यापासून मग..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. गृहस्थ खरंच वाईट नाही.

साडेदहाला टॅक्सी आली. दारात रांग लागली, मुनाकाता पहिल्या जागी. नोबुए बाईंची बॅग घेऊन गाडीपर्यंत गेली. गाडीच्या पलीकडच्या बाजूला, जिथे रांगेतलं कुणी ऐकत नव्हतं, बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. हात थंडगार होते.

"नोबुएसान, मी त्या माणसासमोर दुसरं काय म्हणणार होते? तुम्हाला कळतं ना? तुम्हाला सगळं कळतं. पुढच्या वर्षी जमलं तर येईन. तुम्हीच असाल ना खोलीवर?"

'वाट बघत असू', असं म्हणायचं असतं. नवं पुस्तक तेच सांगतं, जुन्या मालकीणबाईही तेच सांगायच्या, आणि नोबुएने ते हजारो वेळा म्हटलं होतं. या वेळी तिला ते म्हणता आलं नाही. तिला राग आला होता. साधा, उघडा, बाजारात भांडणाऱ्या बाईला येतो तसा राग.

"नाही," ती म्हणाली. "मी नसेन. उद्यापासून मला धुण्याच्या खोलीत टाकलंय. वर्षभर. मग ते पण नाही."

"का?"

"तुम्हाला धक्का बसला ना, म्हणून."

बाईंनी तिचे हात सोडले. त्यांनी गाडीवरून रांगेकडे पाहिलं. दहा पावलांवर मुनाकाता उभे होते, ऐकायला तयार, नम्र. चालकाने दार उघडून धरलं होतं. बाई एक पाऊल तिकडे वळल्या. नोबुए बघत राहिली. मग बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"मला दोनच्या आत पोहोचायला हवं," त्या म्हणाल्या. "ते जेवणार नाहीत नाहीतर." आणि त्या गाडीत बसल्या.

नोबुएने दार लावून घेतलं आणि रांगेत आपल्या जागी येऊन वाकली. गाडी पुलावर गेली, फळ्या वाजल्या, पलीकडच्या वळणावर गेली. नियमाप्रमाणे सगळे दिसेनाशी होईपर्यंत वाकून होते. मग एकेक करून सरळ झाले आणि आत गेले. फुकी तिच्याजवळ थांबली, "ताई, गेली गाडी," म्हणाली, आणि तीही गेली.

नोबुए वाकलेलीच होती. खोल्यांवरच्या बायका पुढच्या दाराने आत जातात आणि धुण्याच्या खोलीतल्या मागच्या. आत्ता सरळ झालं की तिला दोहोंपैकी एका दाराकडे चालायला लागावं लागणार होतं.